कान टोचायचेत? सोनार, गन की सुई हे ठरवण्याआधी

माझ्या डाव्या कानाची वरची कड उजव्यासारखी नाही. बोट फिरवलं तर एका जागी ती आत दबलेली लागते. कॉलेजात असताना एका दुकानात मी कान टोचायच्या गनने वरच्या भागात टोचून घेतलं होतं. चौथ्या दिवशी कान लालभडक झाला, उशीला टेकवेना. घरी हळद-तेल लावत तीन दिवस काढले. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. कान वाचला, पण आकार गेला.

पुढे लेक झाली आणि सासूबाईंनी बाराव्या दिवशीच विषय काढला, "सोनाराला बोलवू या, कान टोचून घेऊ." या वेळी मात्र मी आधी सगळीकडे विचारत फिरले. पेठेतले आमचे सोनार, बालरोगतज्ज्ञ, कान-नाक टोचून देणाऱ्या स्टुडिओत काम करणारी एक मुलगी, या सगळ्यांनी आपापल्या बाजूचं सांगितलं. ते इथे क्रमाने मांडते आहे. तुम्ही बाळासाठी वाचत असाल किंवा स्वतःसाठी, पहिली पायरी तेवढी वगळू नका.

१. आधी जागा ठरवा: पाळी की वरचा कान

कोणाकडे जायचं, हा प्रश्न यानंतरचा.

कानाची पाळी दोन बोटांत धरा. ती मऊ लागते. आत नुसती चरबी आणि त्वचा असते, रक्तपुरवठा चांगला असतो, म्हणून जखम सहसा सहा ते आठ आठवड्यांत भरते. आता बोटं वर न्या. जिथे कान दुमडून सोडला की टणकन परत उभा राहतो, तिथे कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा लवचिक, हाडासारखा भाग सुरू होतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं. तिथे जोरात दाब बसला, आवरण सुटलं किंवा मध्ये पू साचला, तर कूर्चा उपाशी मरते आणि पुन्हा होती तशी तयार होत नाही. माझ्या कानात हेच झालं. एरवीसुद्धा ही जागा भरायला सहा महिने ते वर्ष लागतं.

बुगडी आणि भिकबाळी या दोन्ही कूर्चेत येतात, हे आपल्याकडे फारसं कोणी लक्षात घेत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवायचा म्हणून आठवडाभर आधी भिकबाळीसाठी कान टोचून घेणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या कच्च्या जखमेवर दिवसभर घाम, धूळ आणि गुलाल. एका दिवसाच्या हौसेसाठी चापाची भिकबाळी आणि चापाची बुगडी मिळते, ती घाला. कायमची हवी असेल, तर पुढे पूर्ण मोकळा वेळ आहे असा काळ निवडा.

२. वय आणि वेळ

बाराव्या दिवशी बाळाला धनुर्वाताच्या लसीचा एकही डोस मिळालेला नसतो. आपल्या लसीकरणात तो पेंटाव्हॅलंटमधून, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना येतो. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की निदान दोन डोस होऊ द्या, तिन्ही झाले तर उत्तम. इतक्या लहान बाळाला ताप आला तर तो कानामुळे की आणखी कशामुळे, हे ओळखणं अवघड जातं आणि बऱ्याचदा दवाखान्यात भरती करावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. लेकीचे कान आम्ही पाचव्या महिन्यात टोचले. सासूबाईंना मी लसीचं कार्ड समोर धरून तारखा दाखवल्या. त्या लगेच तयार झाल्या. त्यांचा हट्ट मुळात कान टोचण्याचा होता, बाराव्या दिवसाचा नव्हता.

मुलगी सात-आठ वर्षांची होऊन स्वतः म्हणेपर्यंत थांबायचं, असं काही आईवडील ठरवतात. तेही चांगलंच. त्या वयात तिला स्वतःची काळजी घेता येते आणि भोकाची जागाही ती आरशात बघून सांगू शकते. मात्र घरात कोणाला जखमेच्या जागी फुगीर, वाढत जाणारा वण येत असेल, म्हणजे केलॉइड होत असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. असे वण किशोरवयात आणि तरुणपणी टोचल्यावर जास्त दिसतात.

मोठ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली आहेत का, साखर आटोक्यात आहे का, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारा.

लग्न पंधरा दिवसांवर आल्यावर कान टोचायला जाऊ नका. झुमके घालण्याजोगी पाळी तेवढ्यात तयार होत नाही. पोहण्याचा क्लास चालू असेल तर तो संपू द्या.

३. पद्धत निवडा

*सोनार.* आमच्या सोनारांचं काम मी जवळून पाहिलं आहे. सोन्याची बारीक तार घेतात, तिचं टोक कानशीने तिरकं घासून अणकुचीदार करतात, पाळी चिमटीत ताणून एका झटक्यात तार आरपार काढतात आणि तिथल्या तिथे वळवून तिची बाळी करतात. सगळं दोन-तीन सेकंदांत. भोक बारीक पडतं, टोचणारी तारच दागिना होते, त्यामुळे कच्च्या जखमेत दुसरं काही घालावं लागत नाही. बाळी हलकी असते आणि मागे रुतणारी फिरकी नसते. पिढ्यान्‌पिढ्या हे का टिकलं ते बघितल्यावर कळतं. हाताला सवय असलेला सोनार शिकाऊ माणसापेक्षा शंभरपट बरा.

अडचण आहे ती स्वच्छतेची. त्याच हातांनी दागिने तोलायचे, पैसे घ्यायचे, तार घासायची आणि तीच तार कानात घालायची. स्पिरिटचा बोळा फिरवला किंवा तार उकळत्या पाण्यातून काढली, म्हणजे ती निर्जंतुक झाली असं होत नाही. काही चिवट जंतू उकळूनही मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची १२१ अंशांची वाफ, निदान पंधरा मिनिटं.

यावर आम्हाला सापडलेला उपाय सोपा होता. तार दोन दिवस आधी सोनारांकडून घासून घेतली, डॉक्टरांच्या ऑटोक्लेव्हमधून पाकीटबंद करून आणली, आणि सोनार दवाखान्यात आले. हात धुऊन, नवे ग्लोव्हज घालून त्यांनी लेकीचे कान टोचले. डॉक्टर शेजारी उभे होते. तुमच्या गावात दोघांची ओळख करून देता आली, तर जरूर करून द्या.

*गन.* गनमध्ये स्प्रिंग असते. चाप ओढला की कानातल्याची काडी जोरात पाळीतून घुसते आणि मागच्या फिरकीत अडकते. सुईची धार या काडीला नसते, म्हणून ती मांस कापत नाही, चिरडत पुढे जाते. पाळीत ते बहुतेकदा निभावतं. कूर्चेत निभावेलच असं नाही. वरच्या कानाला, ट्रॅगसला (कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा) किंवा नाकाला गन लावू देऊ नका. समोरचा कितीही अनुभवी असला, तरी नाही.

दुसरी गोष्ट, बहुतेक गन प्लॅस्टिकच्या असतात, त्यामुळे ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाहीत. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये त्या नुसत्या पुसल्या जातात. हेपेटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो. गनवर उडालेला रक्ताचा थेंब तर डोळ्यांना दिसतही नाही.

२००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एकाच स्टॉलवर वरचा कान टोचून घेतलेल्या अनेकांना स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग झाला. काहींना दवाखान्यात भरती करून शस्त्रक्रिया करावी लागली, काहींच्या कानाचा आकार कायमचा बिघडला. तपासात तो जंतू जंतुनाशकाच्या फवाऱ्याच्या बाटलीतच सापडला. ज्याने स्वच्छता राखायची, तेच दूषित होतं.

हल्ली काही ठिकाणी सुधारित साधन असतं. काडी आणि फिरकी सीलबंद, एकदाच वापरायच्या कप्प्यात येतात, स्प्रिंगऐवजी हाताने सावकाश दाबतात, आणि कानाला लागणारा सगळा भाग नंतर फेकून देतात. पाळीपुरतं हे चालेल. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा.

आवाजाचंही सांगायला हवं. गन कानाशेजारी खाडकन वाजते. पहिल्या कानाला मूल गप्प बसतं आणि दुसऱ्याला हात लावू देत नाही. एकच कान टोचून परतलेली दोन मुलं माझ्या ओळखीत आहेत.

*डॉक्टर.* डॉक्टरांकडे निर्जंतुक सुई असते, हवं तर बधिर करणारं मलम लावता येतं, आणि काही झालं तर परत कुठे जायचं हे ठाऊक असतं. ते मलम साधारण तासभर आधी लावावं लागतं. बाळाला ते मेडिकलमधून आणून मनाने लावू नका, प्रमाण चुकलं तर तान्ह्या बाळाला त्रास होतो.

माझी मैत्रीण इथेच फसली. डॉक्टरांकडे म्हणजे सुईने, हे तिने गृहीत धरलं. गेल्यावर कळलं की तिथेही गनच वापरतात. फोनवरच विचारा, "सुईने टोचता की गनने?"

*स्टुडिओ.* चांगल्या स्टुडिओत पोकळ सुई वापरतात. ती स्वच्छ वाट कापते आणि तिच्यामागून दागिना आत सरकवतात. सुईची जाडी गेजमध्ये सांगतात; हा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक: २० गेज म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर, १८ म्हणजे १ आणि १६ म्हणजे १.२. पाळीला २० किंवा १८ पुरतो. वरच्या कानासाठी स्टुडिओतली अनुभवी व्यक्ती किंवा सुईने टोचणारे डॉक्टर, हे दोनच पर्याय मी सांगेन. मात्र तान्ह्या बाळाला बरेच स्टुडिओ घेत नाहीत आणि ते योग्यच आहे.

बाळाच्या पाळीसाठी माझी पसंती पहिल्यांदा सुई वापरणाऱ्या डॉक्टरांना. निर्जंतुक तार आणि ग्लोव्हज वापरायला तयार असलेला जुना सोनारही मी त्यांच्याच बरोबरीने धरते. सीलबंद कप्प्याचं साधन त्यानंतर. पुसून वापरायची स्प्रिंगची गन कशालाच नको.

४. कानात काय घालायचं

बरेचसे चिघळलेले कान जंतूंमुळे चिघळलेले नसतात, निकेलमुळे असतात. खाज सुटते, पाणी येतं, कातडी सोलते, आणि आपण स्वच्छता करत बसतो. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. पुढे घड्याळाचा पट्टा आणि जीन्सचं बटणसुद्धा छळतं. म्हणून पहिला दागिना नकली नको. मुलामा दिलेलाही नको, तो उडाला की खालचा धातू जखमेला लागतो. चांदीही कच्च्या जखमेत घालू नका, काळी पडते.

सोनं घ्यायचं तर १८ किंवा २२ कॅरेट. हॉलमार्कवर ७५० किंवा ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळखक्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तपासता येतो. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही आणि बाळाच्या बाळ्या बहुधा त्याहून हलक्याच असतात. तेव्हा पक्कं बिल घ्या आणि त्यावर शुद्धता लिहून घ्या.

स्टुडिओत टायटॅनियम मागा, एएसटीएम एफ१३६ प्रतीचं, म्हणजे शरीरात बसवण्याजोगं. सर्जिकल स्टीलमध्ये निकेल असतं. पुष्कळांना ते सोसतं, पण आधी खोट्या दागिन्यांनी कान खाजत असतील तर ते टाळा. काडी थोडी लांब असू द्या. पहिले काही दिवस पाळी सुजते. आखूड काडीची फिरकी तेव्हा मागून मांसात रुतते.

५. बरोबर काय न्यायचं

- बाळाचं लसीचं कार्ड. मोठ्यांनी धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख
- चालू औषधांची आणि ॲलर्जीची चिठ्ठी
- अठराच्या आतलं मूल असेल तर आई किंवा वडील स्वतः, ओळखपत्रासह
- दागिना घरचा असेल तर तो आदल्या दिवशीच निर्जंतुक करायला द्या
- पुढून उघडणारा, बटणांचा सदरा किंवा झबलं
- नॉर्मल सलाईनची छोटी बाटली आणि निर्जंतुक गॉजची पाकिटं

६. त्या दिवशी

पोट भरलेलं हवं. मोठ्यांना उपाशीपोटी चक्कर येते. बाळाला आधी दूध पाजा, पण अगदी लगेच टोचू नका, रडताना उलटी होते.

बसण्याआधी नजर फिरवा. समोरच्याने हात धुऊन नवे ग्लोव्हज घातले का? सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढली का? वापरलेल्या सुया टाकायला न भोसकला जाणारा पांढरा डबा आहे का? ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल उचलला, तर ते बदलायला सांगा. असं सांगताना जीभ अडखळते, मला ठाऊक आहे. तरी सांगा.

खुणेला वेळ द्या. मूल आडवं नको, मांडीवर सरळ बसवा. आडवं झालं की पाळी सरकते. कोणाचेच दोन्ही कान तंतोतंत सारखे नसतात, म्हणून पट्टीने मोजलेली खूण चेहऱ्यावर तिरकी दिसू शकते. आमच्या सोनारांनी दोन्ही ठिपके देऊन लेकीला माझ्याकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही बघा. रोज तुम्हीच बघणार आहात." डावा ठिपका मला थोडा खाली वाटला. त्यांनी तो पुसून पुन्हा दिला. पाळीच्या अगदी कडेला भोक घेऊ नका, पुढे जड कानातल्यांनी पाळी ओघळते आणि फाटते.

बाळाचं डोकं आईने छातीशी घट्ट धरावं आणि हात दुसऱ्या कोणीतरी. दुसरा कान लगेच टोचून घ्या.

७. घरी आल्यावर

दिवसातून दोनदा हात साबणाने धुवा, गॉज सलाईनमध्ये भिजवून पुढून-मागून ठेवा, खपली मऊ झाली की अलगद टिपा, कोरडं करा. बस. सलाईन संपलं तर पाव चमचा मीठ एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. जास्त मीठ घातलं तर जखम जळते.

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावलं तर नवी कातडीही मरते. हळद-तेलाबद्दल घरोघरी वाद होतो. हळदीबद्दल मला आदर आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तेलाचा थर जखम झाकून ठेवतो, त्यावर धूळ चिकटते. माझे तीन दिवस त्यातच गेले. कडुलिंबाची काडीही कच्च्या भोकात नको.

कानातलं गोल फिरवत राहा, नाहीतर चिकटेल, असं सगळे सांगतात. फिरवलं की सुकलेली खपली आत ओढली जाते आणि भरत आलेली जखम पुन्हा फाटते. साफ करताना हललं तेवढं पुरे. पांढरट-पिवळं पाणी येऊन काडीवर सुकणं साधारण आहे, तो पू नव्हे.

बाळांच्या बाबतीत दोन गोष्टी कोणीच सांगत नाही. पहिली टाळूवरचं तेल. मालिशवाल्या मावशींना सांगून ठेवा की कानापर्यंत तेल ओघळू द्यायचं नाही, पावडरही नको. दुसरी टोपडं. विणलेल्या टोपड्याचा धागा बाळीत अडकतो आणि टोपडं काढताना पाळी ओढली जाते. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी हे झालं, रक्ताचा थेंब आला. त्यानंतर महिनाभर सुती कापडाचं, नाडीचं टोपडं वापरलं.

मोठ्यांनी उशीवर धुतलेला टी-शर्ट चढवावा आणि रोज रात्री बाजू बदलावी. हेल्मेट सावकाश काढा. मोबाइल दुसऱ्या कानाला लावा.

८. डॉक्टरांकडे कधी जायचं

पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली आणि ठणका असतो. त्यानंतर तो वाढत गेला, कान गरम लागला, घट्ट हिरवट पू आला, ताप आला, किंवा फिरकी मांसात दिसेनाशी झाली, तर दाखवा. पू असेल तर दागिना घरी उपसून काढू नका. भोक वरून बुजतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा, ते डॉक्टर ठरवतील.

वरचा कान सुजून पुढे आल्यासारखा दिसला आणि पाळी मात्र ठीक असली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. "इथे टोचलं होतं" हे आधी सांगा, कारण कूर्चेतल्या स्यूडोमोनासवर नेहमीची बरीचशी अँटिबायोटिक्स चालत नाहीत.

९. पहिल्यांदा बदलताना

पाळीत दोन महिने झाल्याशिवाय बदलू नका, वरच्या कानात सहा महिने तरी नाहीच. बदलायचं ते अंघोळीनंतर, कातडी मऊ असताना. नवं कानातलं हाताशी तयार ठेवा, एका कानाचं काढून लगेच घाला, मगच दुसरा कान घ्या. अडकलं तर रेटू नका, ज्यांनी टोचलं त्यांच्याकडे जा.

पहिलं वर्षभर कान एक रात्रही रिकामे ठेवू नका. वरून भरलेलं भोक आतून कच्चं असतं आणि काही तासांत आवळतं. शाळेत कानातलं चालत नसेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात टोचा, म्हणजे शाळा उघडेपर्यंत पाळी बरीचशी भरलेली असते, आणि रात्री न विसरता बारीक बाळी परत घाला.